वेगळें व्हावें कीं हिशेब मागावा?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाची सभा भरली होती. विषय होता, "सीमेवरील गांवांस राज्य बदलण्याचा अधिकार असावा काय?" सांगली-साताऱ्याकडील शाळेंत असा विषय निघाला म्हणजे सभागृह तापावयास वेळ लागत नाहीं. वक्ते आवेशानें बोलले. पुष्कळांनीं संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचें स्मरण केलें, आणि जत तालुक्यांतील ज्या गांवांनीं कर्नाटकांत जाण्याची भाषा केली त्यांस कांहीं जणांनीं कृतघ्नहि म्हटलें. टाळ्या पडल्या. शेवटीं वसतिगृहांतील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचें घर जतच्या पूर्व भागांत. घरची भाषा कानडी, शाळेची मराठी. त्यानें भाषण केलें नाहीं, एकच प्रश्न विचारला. "आपण म्हणतां, दिल्ली महाराष्ट्राचा पैसा नेते आणि पुरता परत देत नाहीं. तें म्हटलें तर तो अभिमान. आमच्या गांवानें तेंच सांगलीला आणि मुंबईला म्हटलें, तर ती कृतघ्नता कशी?"

त्याला उत्तर कोणी दिलें नाहीं. अध्यक्षस्थानीं आम्हीच होतों. आम्हींहि वेळ संपल्याचें सांगून सभा आटोपती घेतली. तें उत्तर देण्याचें ऋण आमच्यावर राहिलें आहे. वार्षिकाच्या या पानांत तें फेडण्याचा यत्न करितों.

प्रथम दिल्लीविषयींच्या गाऱ्हाण्याचा विचार करूं. आपल्या संघराज्यांत प्राप्तिकर, कंपन्यांवरील कर यांसारखे मोठे कर केंद्र सरकार गोळा करितें. पण शाळा, दवाखाने, पाटबंधारे, पोलीस यांच्या खर्चाचा मोठा भार राज्यांवर असतो. हें अंतर भरून काढण्यासाठीं राज्यघटनेच्या २८० व्या कलमान्वयें दर पांच वर्षांनीं वित्त आयोग नेमला जातो. पहिला आयोग १९५१ सालीं नेमला गेला. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं, वांटणीस पात्र अशा करांपैकीं ४१ टक्के राज्यांस द्यावे असें सुचविलें, आणि राज्यांच्या त्या हिश्शांतून महाराष्ट्राच्या वांट्यास ६.३१७ टक्के आले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें देशाच्या लोकसंख्येपैकीं सुमारें ९.३ टक्के लोक महाराष्ट्रांत होते. आणि देशांतील प्रत्यक्ष करांची एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रांत जमा होते. शिवाय केंद्र जे उपकर व अधिभार बसवितें, त्यांत राज्यांस वांटाच नसतो. हे आंकडे वाचून तरुणांचें रक्त तापलें तर नवल नाहीं.

हें गाऱ्हाणें आजचें नव्हे. १९२० सालीं मेस्टन समितीनें प्रांतांवर केंद्रास द्यावयाचे वार्षिक हप्ते बसविले, तेव्हां मुंबई इलाख्याकडे ५६ लक्ष रुपये आले. मद्रासकडे याहून कितीतरी अधिक, म्हणजे ३४८ लक्ष आले होते. तरी प्राप्तिकर हातचा गेला म्हणून मुंबईची तक्रार चालूच राहिली. पुढें १९३६ च्या निमायर निवाड्यानें प्राप्तिकराचा अर्धा भाग प्रांतांस देऊं केला व त्यांत मुंबईस २० टक्के नेमून दिले. त्याच वर्षीं सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला, आणि त्याचें स्वतःच्या उत्पन्नावर भागेना म्हणून त्याला केंद्राकडून वार्षिक मदत बांधून द्यावी लागली. प्रांत वेगळा झाला तरी दुसऱ्याच्या थैलीशीं असलेला संबंध तुटत नाहीं, हें तेव्हांहि दिसलें.

परंतु गाऱ्हाण्यांत सत्य किती, हें आपण निवडून पाहिलें पाहिजे. मुंबईंत कर जमा होतो याचें एक कारण असें कीं, मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या मुंबईंत आहेत. नफा मात्र साऱ्या देशांतील गिऱ्हाइकांकडून येतो. वित्त आयोगाच्या सूत्रांत ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नांतील अंतरास दिला होता, म्हणजे जें राज्य गरीब त्यास अधिक. यांत अन्याय आहे असें साताऱ्याच्या माणसानें तरी म्हणूं नये. आमच्या डोंगरी खेड्यांतील किती तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबले! मागें राहिलेल्यांच्या चुली मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत. त्या मनिऑर्डरीस कोणी भीक म्हटलें नाहीं, कारण ती घरच्याच माणसाच्या घामाची होती. आज पुण्या-मुंबईच्या इमारती बांधणारा मजूर बिहारचा वा उत्तर प्रदेशचा असतो. त्याच्या राज्यास जाणारा अधिक हिस्सा हीहि त्याच्या घामाची मनिऑर्डरच होय.

यास्तव "आम्ही अधिक देतों" ही तक्रार आम्हांस मान्य नाहीं. "उपकरांचा पैसा वांटणीच्या बाहेर कां ठेवितां?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. पहिली तक्रार मत्सराची, दुसरी हिशेबाची. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारें विवेचन त्यावरच उभें आहे.

आतां विदर्भाकडे पाहूं. जें आपण दिल्लीस म्हणतों, तेंच नागपूर आपणांस म्हणत आलें आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. नव्या राज्यांत विदर्भ व मराठवाडा आले तर लोकसंख्येच्या प्रमाणांत त्यांच्यावर खर्च होईल, आणि विधिमंडळाचें एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास भरेल, अशीं वचनें त्यांत होतीं. करारावर सही करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण होते. त्यांचें जन्मगांव देवराष्ट्रें आज सांगली जिल्ह्यांत आहे. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानें तर विदर्भाचें स्वतंत्र राज्य करावें असेंच सुचविलें होतें. तें झालें नाहीं. विदर्भ एकत्र आला तो या वचनांवर विसंबून. पुढें घटनेच्या ३७१ (२) या कलमांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठीं विकास मंडळें नेमण्याची आणि निधीची न्याय्य वांटणी होते कीं नाहीं हें पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद झाली.

वचनें पाळलीं गेलीं काय? १९८३ सालीं सरकारनेंच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. तिनें रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या मागें आहे हें मोजलें, आणि त्या उणीवेला "अनुशेष" हें नांव रूढ झालें. १९८४ च्या अहवालांत एकूण अनुशेष सुमारें ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यांत विदर्भाचा सुमारें १,२४७ कोटी, मराठवाड्याचा ७५१ कोटी व उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. विकास मंडळें मात्र १९९४ सालीं अस्तित्वांत आलीं, आणि ३० एप्रिल २०२० रोजीं त्यांची मुदत संपली. तीं पुन्हां स्थापण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळानें २०२२ सालीं केला.

एक उदाहरण देतों. भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्द धरणास १९८३ सालीं मंजुरी मिळाली, तेव्हां अंदाज सुमारें ३७२ कोटींचा होता. १९८८ सालीं पायाभरणी झाली. तीस वर्षें लोटलीं तरी प्रकल्प अपुराच होता, आणि खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला होता. उलट १९९६ सालीं कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालें आणि रोखे विकून, राज्याच्या हमीवर, पैसा उभारूं लागलें. याचें कारण खोटें नव्हतें. कृष्णा लवादानें महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिलें होतें, आणि २००० सालानंतर त्या वांटणीचा फेरविचार होऊं शकत होता. त्यापूर्वीं पाणी अडवावें ही घाई होती. विदर्भासाठीं तसें महामंडळ १९९७ सालीं निघालें. तरीहि वैदर्भी शेतकऱ्यास काय दिसलें? त्याचें धरण रेंगाळलें आणि कृष्णाकांठीं साऱ्या राज्याच्या पतीवर कर्ज उभें राहिलें. तो आपला शत्रु नव्हे. कोयनेची वीज साऱ्या राज्यास मिळते असें आपण अभिमानानें सांगतों. चंद्रपूर-कोराडीची वीजहि साऱ्या राज्यास मिळते, हें सांगावयाचें आपण विसरतों.

दांडेकर समितीच्या आंकड्यांत आणखी एक धडा आहे. मोजणीचें माप जिल्हा हें होतें, आणि "उर्वरित महाराष्ट्र" या सधन समजल्या जाणाऱ्या भागांतहि १,१८९ कोटींचा अनुशेष निघाला. म्हणजे सधन प्रदेशाच्या पोटांत निर्धन जिल्हे होते. मग सधन जिल्ह्याच्या पोटांत निर्धन तालुके नसतील काय? येथें आम्ही आपल्या दाराशीं येतों.

महाबळेश्वरास वर्षाला पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून कृष्णा निघते, वाई-कऱ्हाडावरून वाळवा-मिरजेचे मळे भिजवीत पुढें जाते. त्याच साताऱ्याच्या माण-खटावांत आणि सांगलीच्या आटपाडी-जतमध्यें पाऊस पांचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. १९४८ सालीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, त्यांत सांगली होती, तसेंच डफळ्यांचें जतहि होतें. १ ऑगस्ट १९४९ रोजीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा निघाला त्यालाच पुढें सांगली हें नांव मिळालें. हीहि एक फारकतच होती. तीमुळें कचेरी जवळ आली, लोकांची सोय झाली. परंतु कचेरी जवळ आली म्हणून जतला पाणी जवळ आलें नाहीं. जिल्ह्याची सरासरी मात्र उसाचे मळे आणि जतचें कुसळ यांना एकाच ओळींत बसवीत राहिली.

कृष्णेचें पाणी म्हैसाळजवळ उचलून टप्प्याटप्प्यानें पूर्वेकडे चढविण्याची योजना १९८४ सालची. सारीं गांवें तिच्या कक्षेंत नव्हतीं, आणि जीं होतीं त्यांनाहि फार वाट पाहावी लागली. २०१२ च्या दुष्काळांत जतच्या सुमारें चाळीस गांवांनीं कर्नाटकांत जाण्याची भाषा केली. नोव्हेंबर २०२२ मध्यें कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनीं त्या ठरावांचा हवाला देऊन जतवर हक्क सांगितला. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं उत्तर दिलें कीं ठराव जुने आहेत, एकहि गांव जाणार नाहीं. इतक्यांत कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचें पाणी जतच्या तिकोंडी गांवच्या तलावांत येऊन पडलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वंचित गांवांसाठीं सुमारें दोन हजार कोटींच्या विस्तारित म्हैसाळ योजनेस महाराष्ट्र सरकारनें वेग दिला.

या घटनाक्रमापासून जतच्या मुलानें काय शिकावें? दहा वर्षें विनंती केली तेव्हां फाइल हलली नाहीं. "जातों" म्हटलें तेव्हां ती धांवली. राज्यकर्त्यांनीं प्रजेस याहून वाईट धडा देतां येत नाहीं. विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचें तें असें: बाळा, तुझ्या गांवचा प्रश्न कृतघ्नतेचा नव्हता. तो हिशेबाचा होता, आणि तो आधींच आम्ही नदीकांठच्या लोकांनीं विचारावयास पाहिजे होता.

मग वेगळें होणें हाच उपाय आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. म्हैसाळसारख्या उपसा योजनांच्या विजेच्या देयकांपैकीं ८१ टक्के भार सरकारनें व १९ टक्के शेतकऱ्यानें उचलावा असें धोरण ठरलें. ते ८१ रुपये कोणाचे? मुंबईच्या व्यापाऱ्याचे, पुण्याच्या कारखान्याचे, आणि नागपूर-यवतमाळच्या माणसाचेहि. उंचावरच्या शेताला पाणी चढवावयाचें तर खालच्या अनेकांची थैली लागते. मोठ्या राज्याचा हाच उपयोग. ज्यास हा उपयोग मिळतो त्यानेंहि आपले १९ रुपये वेळेवर भरावे आणि दुसऱ्याच्या पैशानें चढलेलें पाणी काटकसरीनें वापरावें. हक्काची भाषा अशाच तोंडीं शोभते.

परंतु केवळ पैसा दिल्यानेंहि माणसें बांधलीं जात नाहींत. कॅनडाच्या घटनेंतच, १९८२ पासून, गरीब प्रांतांस केंद्रानें मदत देण्याचें तत्त्व लिहिलेलें आहे. क्वेबेक प्रांतास ती मदत मिळत होती. तरी १९९५ च्या लोकमतांत तेथील ४९.४२ टक्के मतें स्वतंत्र होण्याच्या बाजूनें पडलीं. त्याच देशांत तेलसंपन्न अल्बर्टा प्रांत आपण देतों फार म्हणून कुरकुरतो, आणि तेथेंहि वेगळें होण्याची भाषा निघते. घेणारा असंतुष्ट, देणाराहि असंतुष्ट! कारण माणसास रकमेइतकीच दुसरीहि एक गोष्ट हवी असते: आपल्याला विचारलें जातें, आपल्याशीं खरें बोललें जातें, ही खात्री. आपल्या शेजारच्या तेलंगणाचें तेंच झालें. २० फेब्रुवारी १९५६ च्या करारांत तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणांतच खर्च होईल असें वचन होतें. १९६९ च्या चळवळींत ती शिल्लक किती व कोठें गेली याचाच वाद पेटला. आणि शेवटीं २ जून २०१४ रोजीं वेगळें राज्य झालें.

पवित्र शास्त्राचे वाचक ही कथा फार पूर्वीं ऐकून आहेत. शलमोन राजानें मंदिर बांधलें, राजवाडे बांधले. भार लोकांवर पडला. तो वारल्यावर लोक शखेम येथें त्याचा पुत्र रहबाम याजकडे आले. त्यांनीं राज्य तोडूं असें म्हटलें नव्हतें. जूं थोडें हलकें करा, मग आम्ही तुमची चाकरी करूं, एवढीच विनंती होती. वृद्धांनीं राजास सौम्य उत्तर देण्याचा सल्ला दिला, बरोबरीच्या तरुणांनीं कठोर उत्तराचा. त्यानें तरुणांचें ऐकलें, आणि दहा वंश निघून गेले. मग राजानें समेटासाठीं कोणास धाडलें? वेठीवरच्या अधिकाऱ्यास! त्याला लोकांनीं दगडमार करून ठार केलें. फुटीचा दोष आपण नेहमीं जाणाऱ्यांवर ठेवितों. शास्त्र आपणांस आधीं सिंहासनाकडे पाहावयास लावितें.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, हिशेब तालुकावार असावा. जिल्हा नियोजन समितीचा पैसा कोणत्या तालुक्यांत किती गेला, हें दरवर्षीं साध्या मराठींत, आणि जतच्या पूर्व भागांत कानडींतहि, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावें. हिशेब उघडा केल्यास भांडणें वाढतील असें कांहीं शहाणे म्हणतात. एकत्र कुटुंबांतील आमचा अनुभव उलट आहे. वडील भाऊ वही लपवितो तेथेंच चूल वेगळी होते. दुसरी, वचनास तारीख असावी. नागपूर करारांत चांगलीं वचनें होतीं, पण तीं केव्हां पुरीं व्हावीं हें कोणी बांधून घेतलें नाहीं. तिसरी, ज्यास अधिक मिळालें त्यानें आधीं बोलावें. विदर्भाच्या अनुशेषाविषयीं सांगली-साताऱ्याच्या आमदारांनीं बोलावें. जतच्या पाण्याविषयीं वाळव्याच्या शेतकऱ्यानें बोलावें. दुसऱ्यानें आपणांशीं जसें वागावें असें वाटतें तसें आपण त्याच्याशीं वागावें, हा प्रभूचा नियम अंदाजपत्रकासहि लागू आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं घरीं वर्तमानपत्र वाचतांना अंदाजपत्रकाचें पान मुलांबरोबर वाचावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतून उद्यां कोणी तलाठी होईल, कोणी अभियंता, कोणी आमदारहि होईल. मेजावर जेव्हां एखाद्या दूरच्या गांवची फाइल येईल, तेव्हां तें गांव "जातों" म्हणेपर्यंत थांबूं नका.

त्या दिवशीं सभेंत आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. पुढच्या सत्रांत तोच विषय पुन्हां ठेवणार आहों, आणि पहिला वक्ता म्हणून त्याच विद्यार्थ्याचें नांव फळ्यावर लिहिणार आहों. या वेळीं वेळ संपली असें आम्ही म्हणणार नाहीं.